‘माणूस आणि जनावर दोघांसाठी’: जुन्या अमेरिकन पेटंट औषधाची बाटली कशी वाचायची, कशी सांभाळायची

पेटंट औषधं म्हणजे आत काय आहे ते गुपित ठेवून, जाहिराती करून विकलेली जुनी तयार औषधं. अशी बाटली हाती आली तर पहिली गोष्ट, बूच काढू नका. वास घेऊ नका, बोटाला लावून बघू नका, आणि आत काही शिल्लक असेल तर ते सिंकमध्ये ओतायचं तर अजिबात नाही. बाटली उभीच ठेवा, हातमोजे घाला, खिडकी उघडा आणि मग निवांत बघायला बसा, घाई कसलीच नाहीये.

दुसरी गोष्ट, लेबल ओलं करू नका. मी माझी पहिली बाटली घरी आणल्या आणल्या नळाखाली धरली होती, माती निघाली आणि मातीसोबत कागदही लगदा होऊन निघाला, त्यावर घोड्याचं चित्र होतं एवढंच आता आठवतं. आज इतकी वर्षं झाली तरी त्याचं वाईट वाटतं. मऊ कोरडा ब्रश, बास.

आता ‘पेटंट’ या शब्दाबद्दल, कारण त्यावरून बरेच जण चुकतात. नाव आलं इंग्लंडच्या राजाच्या परवानापत्रावरून, पण अमेरिकेतल्या बहुतेक औषधांचं पेटंट कोणी घेतलंच नव्हतं. पेटंट घेतलं की फॉर्म्युला जाहीर करावा लागतो, आणि तेच तर यांना नको होतं, म्हणून नाव आणि लेबल ट्रेडमार्क करायचं आणि आत काय आहे ते गुपित ठेवायचं. त्यामुळे पेटंटच्या रेकॉर्डमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका, ट्रेडमार्क आणि जुन्या जाहिराती शोधा.

मग काच बघा. बाटली उभीच धरा आणि कडेला साच्याची जी बारीक शिवण असते तिच्यावरून नख खालून वर फिरवत न्या. नख मानेजवळ येऊन शिवण गायब झाली आणि तोंडाची कड हाताने घडवल्यासारखी लागली तर बाटली बहुधा मशीनच्या आधीची, आणि शिवण थेट तोंडाच्या कडेवरून पलीकडे गेली तर मशीनची. ओवेन्सचं बाटल्या बनवणारं ऑटोमॅटिक मशीन १९०३ च्या आसपास आलं, पण सगळे कारखाने लगेच बदलले नाहीत, म्हणून हे एक वर्ष धरून हटून बसू नका. तळाला खडबडीत गोल व्रण असेल तर ती साधारण १८६० च्या दशकाच्या आधीची असण्याची शक्यता चांगली. काच फिकट जांभळी दिसली तर त्यात मँगनीज आहे आणि ती उन्हात पडून राहिलीय. काही लोक मुद्दाम किरण मारून असा रंग आणतात, ते मला तरी बाटलीचं नुकसानच वाटतं.

कागद मात्र सगळ्यात जास्त बोलतो. बुचावर फाटका स्टॅम्प चिकटलेला दिसला तर जपा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून अशा औषधांवर कर होता, तो १८८३ ला गेला आणि १८९८ ला स्पेनशी युद्ध झालं तेव्हा काही वर्षांसाठी परत आला, त्या दुसऱ्या खेपेच्या स्टॅम्पवर युद्धनौका असते. ‘३० जून १९०६ च्या कायद्यानुसार गॅरंटीड’ असं छापलेलं असेल तर लेबल साधारण १९०७ किंवा त्यानंतरचं. ही गॅरंटी सरकारची आहे असं लोक समजायचे, होती ती कंपनीचीच! आणि हा अन्न-औषध कायदा फक्त माणसांच्या औषधांचा नव्हता, त्यात ‘माणूस किंवा इतर प्राणी’ असे स्पष्ट शब्द आहेत. अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरोफॉर्म वगैरे असेल तर ते लेबलवर लिहायची सक्ती तेव्हापासून आली, त्यामुळे लेबलवर अल्कोहोलचे टक्के दिसले तरी काळ समजतो. १९१२ च्या दुरुस्तीनंतर रोग बरा करण्याचे खोटे दावे अडचणीत आले, मग बऱ्याच जणांनी नावातला ‘क्युअर’ काढून ‘रेमेडी’ घातलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टचं मर्चंट्स गार्गलिंग ऑइल, अंगाला चोळायचं तेल, १८३३ पासूनचं, त्याचं वेष्टन पिवळं असेल तर जनावरांसाठी आणि पांढरं असेल तर माणसांसाठी. म्हणून वेष्टनाचा रंग आधी नोंदवा, फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या बल्बखाली पांढराही पिवळाच दिसतो. जनावरांकडून माणसांकडे असा प्रवासही झालाय, अ‍ॅब्सॉर्बाइन १८९२ मध्ये घोड्यांच्या सुजलेल्या पायांसाठी आलं आणि पुढे माणसांसाठी ‘ज्युनियर’ निघालं. व्हरमाँटचं बॅग बाम १८९९ पासूनचं, गाईच्या कासेला आणि सडांना लावायचं मलम, पण धार काढणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपलेही भेगाळलेले हात मऊ होतायत. तो हिरवा डबा आजही मिळतो. या लोकांना भोळे म्हणून हसू नये असं मला मनापासून वाटतं, डॉक्टर लांब, जनावरांचा डॉक्टर त्याहून लांब, आणि घोडा लंगडला तर नांगरणी थांबली.

पण आतला माल खरंच धोक्याचा असू शकतो. पोटशुळाच्या औषधात अफू, टॉनिकमध्ये कुचला (विषारी बी), घोड्यांच्या चूर्णात सोमल (आर्सेनिक), जुलाबात पारा, हे सगळं वापरात होतं. मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप तर दात येणाऱ्या बाळांना द्यायचे आणि त्यात मॉर्फिन होतं. याच्या उलट क्लार्क स्टॅनलीचं स्नेक ऑइल, म्हणजे सापाचं तेल म्हणून विकलेलं औषध, सरकारने तपासलं तर बहुतेक खनिज तेल, थोडी चरबी, मिरची, आणि दंड झाला २० डॉलर. भाजल्यावर लावायच्या जुन्या मलमावर किंवा द्रावणावर ‘पिक्रिक’ लिहिलेलं असेल आणि ते सुकून पिवळे खडे झाले असतील तर डब्याला हातही लावू नका, झाकण फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो, सरळ अग्निशमन दलाला फोन. ‘रेडियम’ लिहिलेलं असेल तरी हात लावू नका, ते किरणोत्सर्गी असतं आणि त्याचं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे, तुमची बाटली अजून ताजीच आहे, स्थानिक रेडिएशन विभागाला कळवा. बाकी उरलेला माल टाकायचाच असेल तर घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी लेबलचा फोटो पाठवून विचारा.

ठेवताना ऊन नको, ओल नको, मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या हाती लागेल अशी जागा नको. बुचाला भेग असेल तर बाटली झाकणाच्या काचेच्या बरणीत उभी ठेवा. सोबत एक चिठ्ठी, कुठे मिळाली, कधी, कोणाच्या गोठ्यात की माजघरात, पेन्सिलने लिहा कारण शाई पसरते.

विकत घेत असाल तर एक लक्षात ठेवा, जुन्या नावांच्या रंगीत नकली बाटल्या नंतर भरपूर निघाल्यात. झगझगीत निळी किंवा लाल, तळ एकदम गुळगुळीत आणि तळाला ‘व्हीटन’ (Wheaton) हे काच कंपनीचं नाव दिसलं तर ती शोभेची आहे, शेल्फवर छान दिसेल पण जुन्याचे पैसे देऊ नका.