मुलांना गणित-विज्ञानाची गोडी लावायचीय? घरात एक अंदाजवही सुरू करा

शंभर पानी साधी वही घ्या, पानावर तीन रकाने आखा, प्रश्न, अंदाज आणि मोजल्यावर काय आलं. बस, एवढ्यावर सुरुवात होते. आमच्याकडे ही वही दोन वर्षं चालू आहे, लेक आता चौथीत आणि धाकटा बालवाडीत, त्याला लिहिता येत नाही म्हणून त्याचा अंदाज ताई लिहून घेते. त्याआधी मी पण वाढदिवसाला महागातलं सायन्स किट आणलं होतं, त्यात सगळं आधीच ठरलेलं, हे त्यात ओता, रंग बदलला, झालं, आणि आठवड्यात डबा माळ्यावर गेला. त्यात लेकीचा स्वतःचा असा प्रश्नच नव्हता.

नियम एकच, आणि तो मुलांपेक्षा आपल्यालाच जड जातो. मोजायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने अंदाज सांगायचा आणि मोठ्यांनी उत्तर माहीत असलं तरी गप्प बसायचं. अंदाज चुकला तर "असं कसं गं" म्हणायचं नाही, कितीने चुकला ते वजाबाकी करून लिहायचं. मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे, एका किलोत टोमॅटो किती, एवढ्या कणकेत पोळ्या किती, असल्या साध्या प्रश्नांनी पहिली दहा पानं भरतात.

पावसाळा आला की मात्र खरी मजा. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्या गच्चीवर ठेवायचा, रोज सकाळी ठरलेल्या वेळेला पट्टीने पाण्याची उंची मोजायची आणि पाणी ओतून टाकायचं, हाच तुमचा पर्जन्यमापक. लेकीने विचारलं की मोठं पातेलं ठेवलं तर जास्त पाऊस मोजला जाईल ना, माझ्या अगदी तोंडावर उत्तर आलं होतं पण मी म्हटलं दोन्ही ठेव आणि अंदाज लिही. पातेलंही सरळ भिंतीचंच घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणी कितीतरी जास्त, पण उंची तेवढीच! ती चार दिवस पुन्हा पुन्हा मोजत होती, मग जेवताना एकदम म्हणाली, आई तोंड मोठं तसं बूडही मोठं ना, म्हणून पाणी पसरतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरली असती. पुढची पायरी मोठ्या मुलांसाठी, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. गच्ची ८ मीटर बाय ५ मीटर म्हणजे ४० चौरस मीटर, पाऊस २५ मिलीमीटर, तर गच्चीवर पडलं १००० लिटर, म्हणजे हजार लिटरची अख्खी टाकी. क्षेत्रफळ कशाला शिकायचं हा प्रश्न नंतर आमच्याकडे कधी आला नाही.

हळदीचं पाणी कागदाला लावून वाळवा, पट्ट्या कापा, मग साबणाचं पाणी, खायचा सोडा, लिंबू, ताक, कशाने लाल होईल ते आधी लिहायचं. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं तर काय होईल हे विचारायला विसरू नका. चुना वापरणार असाल तर तुम्हीच हाताळा, डोळ्यात जाता कामा नये.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना सामील करा, आमच्या सासऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे जुने पाढे, सगळं तोंडपाठ आहे. भेंडी ८० रुपये किलो तर सव्वा किलोचे किती, हे ते भाजीवाल्यासमोर नातीला विचारतात आणि पैसे तिच्याच हातून देतात. इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर हे मुद्दाम सांगा की सव्वाशे म्हणजे शंभराची सव्वापट, पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शेकडा कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, अपूर्णांक आणि वजाबाकी आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे.

संकष्टीला कॅलेंडरमध्ये गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, त्या बघायला लावा. नागपूरला चंद्र मुंबईच्या आधी साधारण वीस-पंचवीस मिनिटं उगवतो, का? एक संत्रं आणि टॉर्च घ्या आणि अंधार करून बसा, तासभर जाईल पण जाऊ दे. आणि उद्या तो किती वाजता उगवेल याचा अंदाज लिहून दुसऱ्या रात्री गच्चीवर जा.

प्रवासात गाड्यांचे नंबर कामाला येतात. चार आकडे घ्या (चारही सारखे नकोत), त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजा करा, उत्तराचं परत तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४, आणि पुढे कितीही करा ६१७४ च येतं. कुठल्याही नंबरवरून जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता, किती पायऱ्या लागतील हाच अंदाज लावायचा. हे १९४९ साली शोधलं द. रा. कापरेकरांनी, डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिक्षक. मुलांना हे नक्की सांगा, आपल्यासारख्याच एका गावातल्या मास्तरांच्या नावाने हा आकडा जगभर ओळखला जातो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, मुलांसमोर "माझं पण गणित कच्चंच होतं" असं म्हणू नका, विशेषतः आयांनी मुलींसमोर. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, चल बघू" म्हणा आणि तो प्रश्न वहीत शेवटून लिहायला घ्या. आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर असे एकोणीस प्रश्न आहेत, धाकट्याचा कालचा आहे, कुकरची शिट्टी आधी हळू आणि मग पटापट का होते. रविवारी घड्याळ घेऊन ओट्याशी, पण कुकरपासून चार हात लांब, बसणार आहोत.