घूं, झर्र, सूं की टिक्? घरच्या नेटवर्क संगीतातला नको तो आवाज कसा शोधावा

स्पीकरमधून जो नको असलेला आवाज येतोय, त्याची आधी तोंडाने नक्कल करा. लाजू नका. घूं करतोय, झर्र करतोय, सूं करतोय, की मधूनच टिक्? दुकानात जाऊन नुसतं ‘नॉईज येतोय’ म्हणालात, तर महागडी वायर घेऊन घरी याल आणि आवाज तिथेच असेल. ह्या चारही आवाजांची घरं वेगवेगळी आहेत.

माझी मांडणी अशी: आतल्या खोलीत नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कची पेटी, तिच्यात सगळी गाणी. दिवाणखान्यात राउटर. टीव्हीशेजारी रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, त्याला डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. तिथून आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल प्लगच्या वायरने अँप्लिफायर आणि पुढे दोन स्पीकर. तुमच्याकडे नावं वेगळी असतील, साखळी साधारण हीच.

पहिलं काम: साखळी अर्ध्यात तोडा

गाणं थांबवा आणि अँप्लिफायरचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. व्हॉल्यूमबरोबर आवाज वाढत-कमी होत असेल, तर तो मागून येतोय. मग अँप्लिफायर बंद करून डॅककडून येणारी आरसीए वायर काढा आणि पुन्हा चालू करा. चालू अँप्लिफायरची वायर उपटू नका, असा काही फट् आवाज होतो की स्पीकरची कीव येते. आता शांतता असेल, तर अँप्लिफायर निर्दोष.

पुढे गाणं चालू ठेवून नेटवर्कची वायर काढा. साठवलेल्या डेटावर गाणं थोडा वेळ चालतं. तेवढ्यात घूं चालूच राहिली, तर ती नेटवर्कमधून येत नाही. फाइलमधले आकडे नेटवर्कवरून एकतर जसेच्या तसे पोचतात, नाहीतर पोचतच नाहीत. वाटेत हरवलेलं आकड्यांचं पाकीट (पॅकेट) बहुतेक यंत्रणा पुन्हा मागवून घेतात. आकड्यांत घूं शिरत नाही. म्हणून घूं घालवायला महाग लॅन केबल, म्हणजे नेटवर्कची वायर, घेणं मला तरी पैशांची नासाडी वाटते.

घूं

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. खोल, सपाट, तंबोऱ्याच्या खर्जाखाली दबून बसलेली घूं म्हणजे बहुधा हीच. खात्री करायची तर मोबाईलवर सूर काढणारं ॲप घ्या आणि 50 चा सूर हेडफोनवर ऐका. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो ऐकूच येणार नाही.

कारण बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा. दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीला जोडलेली असतात, आणि त्यांच्यामधल्या आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून वीज फिरत राहते. माझ्या घरात ही दुसरी वाट सापडायला तीन रविवार गेले. पाय बदलला, डॅकचा चार्जर बदलला, राउटर हलवला. शेवटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समागची गच्चीवरून आलेली गोल केबल सहज काढली आणि घूं पडली. टीव्ही त्याच अँप्लिफायरला आरसीएने जोडलेला होता, म्हणजे संगीत ऐकताना ज्याची गरजच नव्हती, त्या वायरीने घोळ घातला होता. टीव्ही आणि अँप्लिफायरमध्ये ऑप्टिकल वायर टाकली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. तुमच्या अँप्लिफायरला ऑप्टिकल तोंड नसेल, तर आरसीएच्या मध्ये बसणारा ऑडिओ आयसोलेटर मिळतो, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा: सगळी संगीताची उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. आणि लॅनची वायर धातूच्या प्लगची, जाळीवाली असेल, तर साधी प्लास्टिक प्लगची लावा. लॅनच्या तोंडात मुळातच ट्रान्सफॉर्मर असतो, साध्या वायरीने दोन उपकरणांचं अर्थिंग जोडलं जात नाही. जाळीवाली मात्र ते जोडू शकते.

तीन पिनांच्या प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकली की घूं जाते, असं सांगणारे भेटतील. जाते, खरंय. पण बिघाड झाला तर उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरते आणि हात लावणाऱ्याला धक्का बसतो. हे करू नका. पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवा. जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थची तार नसतेच, असंही निघतं.

झर्र

हा घूंचा कर्कश भाऊ, मधमाशीसारखा. आधी पंख्याकडे बघा. सरसर फिरणाऱ्या बटणाचा रेग्युलेटर प्रत्येक लहरीचा तुकडा कापून पंख्याला देतो, आणि त्या कापाकापीची झर्र आसपासच्या वायरींत उतरते. पंखा बंद करा, किंवा पूर्ण वेगावर टाका. फरक पडला तर चोर सापडला. पायऱ्यापायऱ्यांचा रेग्युलेटर लावून घ्या. लाईट गेल्यावरच झर्र सुरू होत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीचा असणार. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा साइन वेव्हचा इन्व्हर्टर एवढ्यासाठी घ्यायचा का, हे लाईट किती वेळा जाते त्यावर ठरवा.

सूं

पावसाची लांबून येणारी सर. व्हॉल्यूमची वाटणी उलटी झालेली असते: गाणी वाजवायच्या ॲपमध्ये 30 आणि अँप्लिफायरवर जवळजवळ शेवट. आधी अँप्लिफायर खाली आणा, मगच ॲपमधला व्हॉल्यूम 100 करा. हा क्रम चुकवलात तर शेजारी भेटायला येतील. पायच्या स्वतःच्या हेडफोन भोकातून आवाज घेत असाल, तर सूं राहणारच, डॅक लावा.

टिक् आणि गचके

इथे मात्र नेटवर्कवर संशय घ्यायचा. तेच गाणं पायच्या मेमरी कार्डावर कॉपी करून वाजवा. स्वच्छ वाजलं तर दोष वाटेत आहे. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात, म्हणजे वाय-फायला सहज झेपेल एवढे. अडचण वेगाची नसते, अडकण्याची असते. मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे 2.4 च्या वाय-फायच्या बोकांडी. दूध तापवताना गाणं गचकत असेल, तर 5 गिगाहर्ट्झवर जा. शक्य असेल तर सरळ लॅनची वायर ओढा, तो प्रश्न कायमचा मिटतो.

कार्डावरूनही गचकत असेल तर चार्जर तपासा. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा लागतो. ड्रॉवरमधला जुना मोबाईल चार्जर दम टाकतो.

आणि टिक् अगदी ठेक्यात येत असेल तर घड्याळ लावा. 10 टिक्‌ 18 सेकंदांत पडल्या, तर ती फाइल एलपीवरून, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीवरून उतरवलेली आहे आणि तबकडीला ओरखडा आहे, कारण एलपीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. पावणेआठ सेकंदांत 10 पडल्या तर मूळ तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची, जुन्या नाट्यपदांच्या फाइलींत हे हटकून भेटतं. मग राउटरला हात लावू नका, त्या पदाची दुसरी प्रत शोधा.