व्हिपलॅशनंतर मानेसोबत मनही आखडतं, या चुका टाळा

मागून गाडीने ठोकलं, मानेला झटका बसला (यालाच व्हिपलॅश म्हणतात), एक्स-रे नॉर्मल, एमआरआय पण नॉर्मल. मग घरातलं कोणीतरी म्हणणारच, "रिपोर्ट क्लिअर आहेत ना, मग आता काय झालंय?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता पेशंटच्या आधी नातेवाईकांनाच समोर बसवते.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हाड मोडलं नाही, नस दबली नाही. बास, एवढंच. स्नायू, लिगामेंट, मणक्यांचे छोटे सांधे यांना बसलेला ताण साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही. दुखतंय पण कोणाला पटत नाही, मग माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, झोप उडते, झोप नाही म्हणून दुखणं वाढतं, आणि आपण कायमचे अधू झालो हे डोक्यात पक्कं बसतं.

"नाटकं आहेत, क्लेमसाठी" म्हणणारे तर हमखास भेटतात. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात १९९५ मध्ये अपघात विम्याचे नियम बदलले, दुखण्यापोटी मिळणारी भरपाई बंद झाली आणि व्हिपलॅशचे क्लेम खरंच कमी झाले, लवकर बंदही व्हायला लागले. लोक एवढंच सांगतात. या बदलावर जो अभ्यास झाला त्यात हेही निघालं की ज्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं होती त्यांचे क्लेम जुन्या नियमात आणि नव्या नियमातही जास्त रेंगाळले. म्हणजे पैशाचा भाग असतो, मान्य, पण मन खचलं की रिकव्हरी रखडते हे तर दोन्हीकडे दिसलंच ना. ते मात्र कोणी सांगत नाही.

आता माझा सगळ्यात नावडता विषय, मानेचा पट्टा.

बँकेत काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. नवले पुलाच्या उतारावर मागून टेम्पोने ठोकलं होतं. पट्टा दिला होता थोड्या दिवसांसाठी, पण त्यांनी तो काढलाच नाही, फोमच्या कडेला तेल आणि टाल्कम पावडरचा काळपट थर बसला होता. काढा म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम, काढला की मान गळून पडेल असं वाटतं." टेबलवर आडवं करून मान वळवून बघितली तर बऱ्यापैकी वळत होती. उठून बसल्या, तेवढ्यात बाहेर एका ट्रकने हॉर्न वाजवला आणि दोन्ही खांदे कानाला टेकले. गाडी चालवणं बंद, रिक्षात बसलं की सारखं मागे बघायचं, बहिणीचे फोनही उचलत नव्हत्या. मिस्टर म्हणाले, "आधी मान बरी होऊ दे, मग टेन्शनचं बघू." हीच ती चूक! मान आणि टेन्शन एकमेकांना धरून बसलेले असतात, एकाला थांबवून दुसऱ्याचं करता येत नाही.

त्याच आठवड्यात त्यांना सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं आणि इकडे पट्टा सोडवायला घेतला. आधी फक्त पोळ्या लाटताना काढायचा, मग सिरियल बघताना, मग दिवसभर. गाडीचंही तसंच, सोसायटीत उभ्या गाडीत नुसतं बसायचं, दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करायचं, मग गेटपर्यंत एक चक्कर. पुस्तकात हे याच क्रमाने असेल असं नाही, माझी आपली सवय आहे. थंडीत मान अजून कुरकुरते त्यांची, पण ऑफिसला स्वतः गाडी घेऊन जातात.

दुसरी चूक गूगल करून गोळी बंद करण्याची. डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस देतात, पेशंट नाव सर्च करतो, "डिप्रेशनची गोळी" दिसतं, आणि "मी वेडा आहे का?" म्हणून डबा कपाटात. अहो, तीच गोळी कमी डोसमध्ये दुखण्यासाठी आणि झोपेसाठी वर्षानुवर्षं वापरतात. आणि खरंच डिप्रेशनसाठी दिली असली तरी त्यात लाजायचं काय? या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पाचव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांना मी काय सांगू! बंद करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

शेजारच्या काकूंची अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करायची गोळी, घेऊ नका, तिची सवय लागते.

मानेचा कडकन आवाज काढून देणाऱ्याकडे जाऊ नका, रीलमध्ये कितीही भारी वाटलं तरी. एका सिटिंगमध्ये मान मोकळी पाहिजे म्हणणारेच तिकडे जातात आणि मग परत माझ्याकडे येतात.

दुखणं दर तासाला दहापैकी किती ते मोजत बसू नका. काय काम जमलं ते लिहा.

मी दर नव्या पेशंटला मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न विचारते, डिप्रेशन आहे का ते बघायला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. झोप, भूक, कशात रस उरलाय का, असे साधेच आहेत. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, त्यावर कोणी नुसतं गप्प राहिलं तरी मी व्यायाम बाजूला ठेवते आणि घरच्यांना आत बोलावते. रात्री-अपरात्री असं काही वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास. आणि हातापायात मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा नसणं यातलं काही असेल तर त्याला टेन्शन म्हणू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.