सिक्युअर बूट बंद न करता उबुंटूचं वायफाय सुरू करा

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) लॅबसाठी उबुंटू हे लिनक्स लागतं, आणि घरातले कन्नड कागद ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचे तर विंडोजही सोडता येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवणारी मुलं म्हणूनच बरीच भेटतात. उबुंटू नीट चढतं, वायफाय मात्र दिसत नाही. मग कुणीतरी सांगतं, “सिक्युअर बूट बंद कर,” म्हणजे लॅपटॉप सुरू होताना ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय.

करू नका. कित्येक लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, मालकाला न कळताच चालू असतं. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती हाताशी नसली तर सगळ्या फायली आत अडकतात. ती की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. उबुंटूत मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने नेट घ्या. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड चालवून वायफाय कार्ड कुठल्या कंपनीचं आहे ते बघा. ब्रॉडकॉम असेल तर पुढे वाचा. इंटेल असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नेलमध्येच, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यातच असतो, दुखणं वेगळं आहे.

उबुंटूतल्या ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाका. आता खरी मेख. हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो आणि तिथेच बनवलेल्या चावीने त्यावर सही होते. सिक्युअर बूट ती चावी ओळखत नाही, म्हणून कर्नेल ड्रायव्हर आत घेत नाही. चावीची ओळख तुम्हीच करून द्यायची असते. त्यासाठी इन्स्टॉल होताना एक पासवर्ड मागितला जातो. तो साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा, चिन्हं नकोत, आणि लिहून ठेवा. पुढच्या स्क्रीनवर अमेरिकन कीबोर्डच चालतो.

रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. लॅपटॉपसमोरून उठू नका! कुठलीही कळ दाबायला १० सेकंदच मिळतात. ती गेली की मशीन गुपचूप पुढे बूट होतं, आणि लोक इथेच “ड्रायव्हर खराब आहे” म्हणून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. कळ दाबा, ‘एन्रोल मॉक’ (मॉक म्हणजे हीच तुमच्या मशीनची चावी), मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. घाबरू नका, टाइप करत राहा. पहिलाच पर्याय ‘कंटिन्यू बूट’ असतो, तो चुकूनही निवडू नका.

स्क्रीन हुकली तर टर्मिनलमध्ये सुडो (अॅडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावून अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी ही कमांड द्या, पुढे जागा सोडून दोन डॅश आणि एन्रोल-की. नवा पासवर्ड द्या, रीस्टार्ट करा, निळी स्क्रीन परत येईल.

तरीही वायफाय नसेल तर सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल चालवा, डब्ल्यूएल हे ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरचं नाव. ‘की वॉज रिजेक्टेड’ असं उत्तर आलं तर चावी अजून नोंदलेली नाही. कार्ड बदलायला दुकानात पळू नका.

चावी एकदाच नोंदवायची. पुढच्या कर्नेल अपडेटला ड्रायव्हर त्याच चावीने आपोआप पुन्हा सही होऊन तयार होतो.