नॅनो जोडला, दिवा लागला, पण पोर्ट दिसेना: उबुंटूवर या चुका टाळा

आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचा स्वस्त क्लोन (नक्कल) उबुंटू लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचा पोर्ट दिसला नाही, की बहुतेक जण ड्रायव्हर शोधत सुटतात. विंडोजची सवय, दुसरं काय! या बोर्डांवर सहसा सीएच३४० ही यूएसबी चिप असते आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असतो. कुठली तरी झिप उतरवून कंपाइल करत बसू नका.

आधी कर्नल काय म्हणतोय ते ऐका. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' चालू ठेवा (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, डीमेसेज म्हणजे कर्नलचे संदेश; पुढे डॅश डब्ल्यू; टाइप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत) आणि केबल काढून पुन्हा लावा. एकही नवी ओळ आली नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागला म्हणजे वीज पोचली, एवढंच.

ओळ येते, 'टीटीवाययूएसबी०' (हेच पोर्टचं नाव) जोडल्याचं सांगते आणि लगेच 'डिस्कनेक्टेड'? उबुंटू २२.०४ वर हे हमखास घडतं. बीआरएलटीटीवाय नावाची सेवा अंधांसाठीचे ब्रेल डिस्प्ले चालवते. त्यांतल्या एका डिस्प्लेचा यूएसबी आयडी सीएच३४० सारखाच असल्याने ती तुमचा नॅनो ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेते. डीमेसेजमध्ये तिचं नावही दिसतं. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर बीआरएलटीटीवायचं पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर मात्र हात लावू नका; त्या सेवेच्या यूडेव्ह नियमांतली (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या नियमांतली) फक्त त्या आयडीची ओळ बंद करा.

पोर्ट दिसतो, पण 'परमिशन डिनाइड' येतं. इथे दोन आडवाटा फार लोकप्रिय आहेत. सुडो लावून आयडीई उघडली, तर तुमच्याच होम फोल्डरमध्ये रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) मालकीच्या फायली साठत जातात. पोर्टला सीएचमॉडने (परवानग्या बदलायच्या कमांडने) सगळ्या परवानग्या दिल्या, तर केबल काढली की त्या गेल्या. खरा उपाय म्हणजे स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (असे पोर्ट वापरायची मुभा असलेल्या ग्रुपमध्ये) घालणं: 'सुडो अ‍ॅडयूजर', मग तुमचं यूजरनेम, मग डायलआउट. त्याऐवजी यूजरमॉड ही कमांड वापरलीत आणि कॅपिटल जीआधीचा छोटा ए विसरलात, तर बाकीच्या ग्रुपमधून नाव जातं. त्यात सुडो ग्रुपही आला, म्हणजे स्वतःच्याच घराची किल्ली आत राहिली! ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही.

आता पोर्टही आहे, परवानगीही आहे, तरी अपलोड 'नॉट इन सिंक' म्हणत अडतंय? मग दोष लिनक्सचा नसण्याचीच शक्यता जास्त. २०१८ च्या जानेवारीपासून मूळ नॅनोवर नवा बूटलोडर (तुमचा प्रोग्राम उतरवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम) येतो, पण क्लोन अजूनही जुन्यावर असू शकतात. जुना ५७६०० बॉडने (बॉड म्हणजे संवादाचा वेग) बोलतो, नवा ११५२०० ने. टूल्स मेनूत प्रोसेसरखाली 'ओल्ड बूटलोडर' निवडा आणि पुन्हा अपलोड करा.