कापसाच्या मुलखातून बर्फावर: औलीच्या हंगामाआधी

धुळ्यात डिसेंबरात पारा ६-७ अंशांवर येतो, म्हणून आपल्याकडची पोरं छाती काढून सांगतात, थंडी काही नवी नाही. पण धुळ्याची थंडी कोरडी. दहाचं ऊन तापलं की स्वेटर कमरेला. उत्तराखंडातल्या औलीत माणूस मोडतो तो ओलीने. उंची अडीच ते तीन हजार मीटर, रात्री पारा शून्याखाली आणि काम बर्फ उपसण्याचं. घाम येणारच.

हॉटेलात, किचनमध्ये किंवा स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) भाड्याने देणाऱ्या दुकानात दोन-अडीच महिन्यांसाठी निघाला असाल, तर बाकी गोष्टी तिथे गेल्यावर कळतात. कापसाचं मात्र इथूनच कळायला हवं. आपल्याकडे कापूस म्हणजे पांढरं सोनं, उन्हाळ्यात त्याच्यासारखं कापड नाही. बर्फात तेच गोत्यात आणतं. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. अर्धा तास फावडं मारलं की बनियन भिजते. मग काउंटरवर उभं राहायचं. भिजलेली बनियन अंगाची ऊब ओढत राहते आणि वीस मिनिटांत दात वाजायला लागतात. वर पाच हजारांचं जॅकेट असलं तरी.

फसगत कुठे होते? बाजारात ‘थर्मल’ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा निम्म्याहून जास्त कापूस असतो. दुकानदार सांगेल ‘एकदम गरम’, आणि घरात बसणाऱ्याला ते गरम असतंही. तुम्ही आतलं लेबल वाचा. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर असेल तरच घ्या. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, पॉलिस्टर लवकर वाळतं. असे दोन जोड कामाला, तिसरा फक्त झोपायला. तिसऱ्याला कामावर हात लावायचा नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे लवदार पॉलिस्टरचं गरम जॅकेट, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. आणि थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घालू नका. हे पुन्हा सांगतो, कारण सगळं बरोबर घेऊन माणसं नेमकं इथेच चुकतात: आत सुती बनियन नाही, सुती चड्डी नाही, सुती मोजे नाहीत.

फावडं हातात घेण्याआधी जॅकेट काढायचं, थांबल्याबरोबर चढवायचं. सुरुवातीची पाच मिनिटं गार लागलं पाहिजे. मोजे एकावर एक दोन घालू नका, बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. लोकरीचा एकच जोड.

खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपायचं नाही. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपलेला उठत नाही. जुना कामगार ‘आम्ही रोज ठेवतो’ म्हणाला तरी नाही.

बाकी घाबरण्यासारखं फार नाही. पहिले दोन दिवस डोकं जड होतं, पाणी पीत राहिलं की बहुतेकांचं उतरतं. वाढतच गेलं, उलट्या झाल्या तर खाली जोशीमठला उतरायचं. गॉगल ढगाळ दिवशीही लावा, बर्फावरून उलटलेलं ऊन डोळे जाळतं. डाळ उघड्या पातेल्यात लवकर शिजणार नाही, तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरच लागतो.

स्कीच्या दुकानात काम मिळालं तर शिकायला भरपूर आहे. बूट नेहमीच्या नंबरावर देत नाहीत, पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजतात. २६ आणि २६.५ ला बाहेरचं कवच बहुधा एकच असतं. गिऱ्हाईक ‘घट्ट होतो’ म्हणालं की नवा पोरगा मोठा बूट देऊन मोकळा होतो. मग टाच उचलते, नडगी सोलते आणि दुपारी तोच माणूस भांडायला येतो. आधी बघा, जीन्स बुटात कोंबलीय का. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा खटका. त्याचा आकडा वजन, उंची, वय, येणारं कसब आणि बुटाच्या तळाची लांबी धरून तक्त्यात पाहून लावायचा, अंदाजाने कधीच नाही. आकडा कमी राहिला तर स्की चालता चालता सुटते, जास्त झाला तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा जातो. संध्याकाळी परत आलेल्या स्की पुसून ठेवा, नाहीतर सकाळी कडांवर गंज. बुटाचं आतलं अस्तर काढून वाळवायचं, पण हीटरला चिकटवून नाही. कवचाची बकलं हलकी लावून ठेवायची, म्हणजे आकार बिघडत नाही.

सात दिवसांचा कोर्स केला की इन्स्ट्रक्टर होता येतं, असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, पैसे देऊ नका. सात दिवसांत नीट थांबता आलं तरी पुष्कळ. दुकानातला अबोल मेकॅनिक धरा, तो एका हंगामात जास्त शिकवतो.

निघण्याआधी मालकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या: बर्फ पडला नाही तर पगार किती, जेवण-राहणं त्यात की वेगळं, जाण्यायेण्याचं भाडं कोणाचं. कोरडा जानेवारी औलीला नवा नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, पण यंत्रालाही शून्याच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी लागते. जोशीमठहून औलीला जाणाऱ्या रोपवेवर प्रवास आखू नका, जोशीमठची जमीन खचली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तो बंद केला होता. रस्ताच धरून चाला. भुसावळहून थेट किंवा दिल्लीमार्गे हरिद्वार, तिथून जोशीमठची पहाटेची बस, सुमारे पावणेतीनशे किलोमीटरला अख्खा दिवस. रात्र जोशीमठला काढून सकाळी वर चढा.

बॅगेत जागा उरली तर काळा मसाला आणि बिबडे (ज्वारीचे पापड) टाका. बिबडे कपड्यांच्या मध्ये ठेवू नका, चुरा होतो. स्टीलच्या डब्यात न्या.