परदेशी बास्केटबॉलपटूला अमेरिकन कॉलेजात घेण्यापूर्वी: पात्रतेच्या तयारीची यादी

डिव्हिजन वन या अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या सर्वोच्च श्रेणीतल्या संघासाठी परदेशातून खेळाडू शोधताना बोलणे साधारणपणे उंचीपासून सुरू होते आणि सामन्यांच्या चित्रफितींवर येऊन थांबते. पात्रतेचे प्रश्न मात्र नियमपालन अधिकाऱ्यावर सोपवले जातात, तेही शिष्यवृत्तीचा शब्द देऊन झाल्यावर. हा क्रम उलटा करावा. पुढील यादी पुरुष संघाच्या सहायक प्रशिक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. परंतु पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या उंच मुलाच्या पालकांनाही पुढे हेच प्रश्न विचारले जाणार असल्यामुळे त्यांनीही ती वाचायला हरकत नाही. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेचे नियम अलीकडे इतक्या झपाट्याने बदलत आहेत की प्रत्येक मुद्दा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेशी ताडून घेणे हे काम यादीच्या अगोदरचे समजावे. खेळण्याची पाच वर्षांची मुदत वयाशी जोडण्याचा प्रस्तावही पुढे आलेला असल्याने जन्मतारखेचा विश्वसनीय पुरावा पहिल्या दिवशीच मागून घ्यावा.

सर्वांत आधी तारखा लिहून काढाव्यात. पैशांच्या प्रकरणांची चर्चा जास्त होते, पण माझ्या मते परदेशी खेळाडूच्या प्रकरणात अधिक निसरडी जागा तारखांची असते, कारण त्या कोणी लपवलेल्या नसतात आणि म्हणूनच कोणी विचारतही नाही. खेळाडूने नववी कधी सुरू केली, त्याच्या देशाच्या शिक्षणपद्धतीनुसार शालेय शिक्षण कोणत्या महिन्यात संपायला हवे होते आणि प्रत्यक्षात कधी संपले, या तीन तारखा एका कागदावर असाव्यात. शालेय शिक्षण कोणत्या प्रमाणपत्राने पूर्ण झाले असे मानायचे हे खेळाडू किंवा त्याची शाळा ठरवत नाही; एनसीएए परदेशी शिक्षणपद्धतींसाठी देशवार मार्गदर्शिका काढते आणि निर्णय तिच्यावरून होतो. आजवर चालत आलेल्या नियमाप्रमाणे बास्केटबॉलमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर एका वर्षाची सवलत मिळते. त्या वर्षानंतरही जो खेळाडू कॉलेजात पूर्णवेळ दाखल न होता संघटित स्पर्धांत खेळत राहतो, त्याचा अशा प्रत्येक वर्षामागे एक हंगाम कापला जातो आणि दाखल झाल्यावर एक शैक्षणिक वर्ष बाहेर बसावे लागते. संघटित स्पर्धेची व्याख्या फार सैल आहे, हे युरोपातील क्लबांच्या तरुणांना सहसा माहीत नसते. अधिकृत गुणफलक, पंच, गणवेश, प्रवेशशुल्क, आधीपासून ठरलेला संघ यांपैकी एखादी गोष्ट असली तरी तो सामना तिच्यात मोडू शकतो. म्हणून सवलतीचे वर्ष संपल्याच्या तारखेपासून पुढचा प्रत्येक सामना, मग तो कनिष्ठ संघाचा का असेना, तारीख आणि संघासह नोंदवावा. खेळाडूच्या सांगण्यावर विसंबू नये. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या संकेतस्थळावर आणि क्लबांच्या आकडेवारीत सामने सापडतात, आणि आपण जे शोधू शकतो ते प्रतिस्पर्धी कॉलेजही शोधू शकते.

यापुढची तारीख उच्च शिक्षणातील पहिल्या पूर्णवेळ प्रवेशाची. डिव्हिजन वनमध्ये चार हंगाम खेळण्यासाठी पाच वर्षांची मुदत असते आणि जगातील कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेऊन वर्ग सुरू झाले की ती मोजली जाऊ लागते, असा आजवरचा नियम आहे. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बारावीनंतर एफवायबीएला नाव घालून ठेवणे आपल्याकडे अगदी शहाणपणाचे मानले जाते. इथे तेच नाव मुदत सुरू करते आणि नवख्या खेळाडूला बदली होऊन आलेल्या खेळाडूच्या रांगेत नेऊन बसवते. महाराष्ट्रातील मुलाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात झाली असे त्याने अर्जात लिहिले, तर अमेरिकेतील वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन वर्षांचे उच्च शिक्षण उभे राहते. त्या रकान्यात इयत्ता आणि मंडळ स्पष्ट लिहावे, आणि सोबत शाळेचे पत्र जोडावे.

कागदपत्रे मूळ भाषेत आणि त्यासोबत प्रमाणित अनुवादकाने केलेल्या ओळीगणिक इंग्रजी भाषांतरासह द्यावी लागतात. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधोमध, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि स्पर्धेच्या यादीत फक्त आद्याक्षरे, असा प्रकार असल्यास तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

तारखांनंतर पैसे. एनसीएएचा मूळ प्रश्न साधा असतो: खेळाडूला खऱ्या आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त काही मिळाले का? निवास, जेवण, प्रवास, प्रशिक्षण, वैद्यकीय उपचार आणि खेळाचे साहित्य या खर्चात बसते. पगार, बक्षिसी किंवा घरच्यांना दिलेली रक्कम बसत नाही. संघात व्यावसायिक खेळाडू आहेत एवढ्याने पात्रता जात नाही. या प्रश्नावर बुडालेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एनेस कँटरचे आहे. तुर्कीचा हा सेंटर २०१० मध्ये केंटकी विद्यापीठात आला, पण फेनरबाचे क्लबकडून त्याला आवश्यक खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त मिळाल्याचे ठरवून एनसीएएने त्याला कायमचे अपात्र ठरवले. कॉलेजचा एकही सामना न खेळता तो एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. केंटकीचा मात्र हंगाम त्याच्याविना गेला, आणि प्रशिक्षकाने त्या प्रकरणातला हा भाग लक्षात ठेवावा.

म्हणून करार मागावेत, आणि ते संपूर्ण मागावेत: क्लबशी झालेला, अकादमीशी झालेला, बूट कंपनीशी झालेला, आणि आईवडिलांनी सही केलेला. करारातून बाहेर पडण्यासाठी क्लबला रक्कम द्यावी लागणार असेल तर ती किती, कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी असावे. एजंट असल्यास त्याने कोणत्या कामासाठी सही घेतली, किती टक्के ठरले आणि कोणता खर्च आजवर उचलला, हे तिन्ही विचारावे. खेळाडू ज्याला काका म्हणतो तो गृहस्थ बरेचदा एजंटच निघतो. भारतीय खेळाडूला दोन जादा प्रश्न विचारावेत. रेल्वे, पोलीस किंवा सेनादलात क्रीडा कोट्यातून नोकरी लागली होती का आणि पगार सुरू झाला होता का, हा पहिला. राज्य सरकारकडून किंवा संघटनेकडून पदकाबद्दल रोख पारितोषिक मिळाले का, हा दुसरा. कोणतीही रक्कम आपल्या मनाने निरुपद्रवी ठरवून वगळू नये. ती जाहीर करावी आणि निर्णय एनसीएएच्या पात्रता केंद्राला घेऊ द्यावा.

गेल्या दोनेक वर्षांत ही सीमा बरीच सरकली आहे. जी लीग या एनबीएच्या दुय्यम व्यावसायिक लीगमधील इग्नाइट संघाकडून खेळलेला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा थिएरी डार्लान २०२५ मध्ये सँटा क्लारा विद्यापीठात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नायजेरियाचा जेम्स नाजी बेलर विद्यापीठात दाखल झाला. तो २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ३१ व्या क्रमांकावर निवडला गेला होता आणि बार्सिलोनाकडून खेळला होता, मात्र एनबीएचा करार त्याने केलेला नव्हता. त्यावरून गदारोळ झाल्यानंतर एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एनबीएचा करार केलेल्या कोणालाही पात्रता दिलेली नाही आणि दिली जाणार नाही, असे जाहीर केले. त्यात टू-वे करारही (एनबीए आणि जी लीग या दोन्हींत खेळण्याचा करार) आला. या दोन प्रकरणांवरून कोणताही व्यावसायिक खेळाडू आता चालतो असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. प्रत्येक निर्णय त्या खेळाडूच्या कागदांवर झालेला असतो, आणि दुसऱ्याच्या निकालाचे वृत्तपत्रातील कात्रण आपल्या अर्जाला जोडून काही साधत नाही.

अभ्यासाची अट तुलनेने सरळ आहे. डिव्हिजन वनसाठी नववीपासून बारावीपर्यंतचे सोळा मूलभूत विषय-अभ्यासक्रम लागतात: इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन, समाजशास्त्रांचे दोन, इंग्रजी-गणित-विज्ञान यांपैकी आणखी एक, आणि उरलेले चार याच विषयांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान, धर्मांचा तौलनिक अभ्यास यांतून. या विषयांतील सरासरी ४ पैकी २.३ असावी लागते. डिव्हिजन टूसाठी २.२ पुरते. एसएटी किंवा एसीटीचे गुण पात्रतेसाठी लागत नाहीत, ती अट जानेवारी २०२३ मध्ये काढली गेली. विद्यापीठाने प्रवेशासाठी मागितले तर गोष्ट वेगळी. इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस परीक्षाही विद्यापीठाची अट असते, एनसीएएची नव्हे. वाणिज्य शाखेच्या मुलाचे बुककीपिंग या सोळांत धरले जाईल असे गृहीत धरू नये. नववी आणि दहावीच्या गुणपत्रिका बरेच पालक बारावीनंतर निरुपयोगी समजून कुठेतरी टाकतात. त्या शोधून काढायला लावाव्यात, कारण निम्मे विषय तिथेच असतात.

व्हिसाचा विचार पात्रतेनंतर करण्याची पद्धत आहे, पण नागरिकत्वाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारलेला बरा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण सुदानच्या पासपोर्टवरील सर्व व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले, आणि त्याच देशाचा खमान मालुआच तेव्हा ड्यूक विद्यापीठाकडून हंगामाचे शेवटचे सामने खेळत होता. त्याच वर्षी जूनमध्ये काही देशांच्या नागरिकांना विद्यार्थी व्हिसा देणेही थांबवले गेले. दुहेरी नागरिकत्व असल्यास दोन्ही पासपोर्टांच्या प्रती घ्याव्यात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने प्रवेशाबद्दल दिलेला आय-ट्वेंटी फॉर्म, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचे म्हणजे सेव्हिसचे ३५० डॉलर शुल्क आणि मुलाखत लागते, आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधी फार तर तीस दिवस अमेरिकेत येता येते. उन्हाळी सरावाला खेळाडू हवा असेल तर आय-ट्वेंटीवर उन्हाळी सत्राची तारीख असायला हवी, ही साधी गोष्ट प्रवेश कार्यालयाला वेळेवर सांगावी.

पैशाचे आश्वासन देताना या व्हिसाची मर्यादा विसरू नये. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातील, जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना आपल्या कमाईतला वाटा थेट देऊ शकतात. एनसीएएची परवानगी म्हणजे इमिग्रेशन खात्याची परवानगी नव्हे. एफ-वनवर आलेल्या विद्यार्थ्याला कामाची मोकळीक अत्यंत मर्यादित असते आणि नियम मोडल्यास व्हिसाच धोक्यात येतो. पर्ड्यूचा कॅनडियन सेंटर झॅक ईडी २०२३ आणि २०२४ मध्ये देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरीही त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांसारखी जाहिरातींची कमाई त्याला मोकळेपणाने करता आली नाही. केंटकीच्या ऑस्कर शीब्वे या परदेशी खेळाडूने ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाला गेला असताना, म्हणजे अमेरिकेबाहेर, आपले जाहिरातीचे काम उरकले. खेळाडूपुढे रकमेचा आकडा ठेवण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचे आणि इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत फाइलीत असावे. तोंडी आश्वासन अजिबात देऊ नये.

शेवटी कामाचा क्रम. खेळाडूने एनसीएएच्या पात्रता केंद्रात स्वतः नोंदणी करावी, आणि कॉलेजने त्याचे नाव आपल्या विनंती-यादीत घालावे. त्याशिवाय केंद्र अंतिम निर्णयाचे काम हाती घेत नाही. ऑगस्टमध्ये दाखल होणाऱ्याला हौशीपणाच्या (म्हणजे खेळाडू व्यावसायिक नाही याच्या) अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून करता येते, आणि ती त्याच दिवशी करावी. खेळाडूला एका कॉलेजशी बांधणारे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे संमतिपत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्याने आता आर्थिक साहाय्याचा करारच खेळाडूला बांधतो. पात्रता आणि व्हिसा मिळण्याची अट त्या करारात लिहिलेली आहे की नाही, हे सहीपूर्वी पाहावे. प्रमाणपत्र यायचे असताना भरती केलेल्या खेळाडूला पंचेचाळीस दिवस सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. निर्णय विरुद्ध गेला तर पात्रता परत मिळवण्याचा अर्ज कॉलेजमार्फतच जातो, म्हणून क्लबच्या हिशेबाचे उतारे, बँकेची पाने आणि करारांच्या प्रती खेळाडू विमानात बसण्यापूर्वीच मिळवाव्यात. त्या वेळी क्लबचा हिशेबनीस फोन उचलतो. हंगाम सुरू झाल्यावर, खेळाडू सोडून गेल्याचा राग मनात असताना, तो उचलेलच असे नाही.